फुंकनळी आणि पाण्याची बादली

मित्रांनो, मी एक जुनी फुंकनळी आहे. काचेच्या कारखान्यात वितळलेल्या काचेत हवा फुंकून तिला आकार द्यायचा, हे माझे काम. आत्मवृत्त सांगायला बसले खरी, पण मनात सारखी चुळबुळ आहे. मी आतून पोकळ. माझ्यातून जे काही बाहेर पडले ते दुसऱ्याच्या श्वासाने पडले. मग माझे स्वतःचे असे सांगण्यासारखे काय, हा प्रश्न पहिल्याच ओळीला वाटेत आडवा पडला आहे. परंतु ज्याच्या श्वासाविषयी सांगायचे, तो माणूस आपल्या तोंडाने कधीच काही सांगणार नाही. म्हणून मी सांगते. कुठे अडखळले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म पोलादाच्या कारखान्यात झाला. लालबुंद पोलाद ओढून ओढून त्यांनी माझी नळी केली. मग एका लेथवाल्याने माझ्या एका टोकाला पितळेची तोंडी बसवली आणि ओठाला लागू नये म्हणून तिची कड घासून गुळगुळीत केली. दुसरे टोक जरा जाड ठेवले, कारण ते भट्टीत जायचे होते. माणसाने मला जमिनीवर उभी धरली तर त्याच्या खांद्याला लागेन एवढी माझी उंची. नवी असताना मी चकचकीत होते म्हणतात. मला आठवत नाही. भट्टीपुढे चकाकी टिकते तरी कुणाची?

काचेच्या कारखान्यात आले आणि पहिल्याच दिवशी कळले, की आपल्या नशिबी स्वस्थ बसणे नाही. वितळलेल्या काचेचा गोळा नळीच्या टोकाला घेतला की तो मधासारखा खाली ओघळू पाहतो. त्याला सांभाळायचे तर नळी सतत फिरवत राहावी लागते. बोलताना फिरवायची, चालताना फिरवायची, शिंक आली तरी फिरवायची. क्षणभर हात थांबला की गोळा एका बाजूला लोंबलाच. त्यामुळे माझे सगळे तारुण्य गोल गोल फिरण्यात गेले. आजही कुणी मला नुसते टेकवून ठेवले तर मला वाटते, आपले काहीतरी चुकते आहे.

मला ज्याच्या हाती दिले त्याला सगळे मामा म्हणत. का, ते कुणालाच ठाऊक नव्हते. मुकादम मामा म्हणे, आणि मुकादमाचे म्हातारे वडील कधी आले तर तेही मामाच म्हणत. साहजिकच त्यांची बायको सगळ्यांची मामी झाली. ती कारखान्यातच माल बांधायच्या खोलीत होती. तयार झालेली काच उजेडाला धरून बघायची आणि मऊ गवतात बसवून खोकी भरायची.

आमच्याकडे रस्त्यावरच्या दिव्यांचे मोठे गोल होत. गोळा घ्यायचा, लोखंडी पाटावर लोळवायचा, ओल्या लाकडी साच्यात उतरवायचा आणि एका लांब, सावकाश श्वासात फुगवायचा. एकाच श्वासात का? तर श्वास मध्येच तुटला की तेवढ्यात काच जराशी निवते. मग पुन्हा फुंकले की त्या जागी गोलाभोवती एक बारीक वळ उठतो. दिवा लावला की त्या वळाची सावली रस्त्यावर पडते. मामांच्या गोलांवर वळ नसे. दुसऱ्या कारखान्यांतली माणसे बघायला येत, तेव्हा मुकादम मामांच्या पाठीशी उभा राहून अशा थाटात बोले, जणू तो श्वास त्याच्याच छातीतून निघाला आहे. मामा लाजून मला जरा जास्तच जोराने फिरवत.

आता सिगारेटीविषयी सांगते. आमच्या कारखान्याची एक रीत होती. कामाच्या मधे मुकादम टाळी वाजवून ओरडे, "धूर घ्या रे!" की ओढणारे सगळे मागच्या दाराशी जमत. जाताना आपापल्या नळीच्या टोकाला उरलेल्या तापल्या काचेवर सिगारेट टेकवून पेटवत. भट्टीपाशी काडेपेटी कशाला? ही सुटी फक्त ओढणाऱ्यांची. जो ओढत नाही त्याने काम चालू ठेवायचे. त्यामुळे नवा माणूस आला की महिन्याभरात सिगारेट शिकेच. त्याला धुराची हौस नसे. बिचाऱ्याला बसायचे असे. मामाही तसेच शिकले आणि मग इतकी वर्षे ओढत राहिले, की सुटी कुठली आणि सिगारेट कुठली हे त्यांनाच सांगता आले नसते.

मला मात्र ते कळत होते. श्वास माझ्यातूनच जात होता ना. आधी तो नदीसारखा येई. मग त्यात खरखर आली. मग शेवटाकडे तो कापू लागला. आणि एके दिवशी गोल अर्धा फुगला असताना श्वास संपला. मामांनी चटकन नाकाने हवा घेतली आणि पुन्हा फुंकले. कुणाच्या लक्षात आले नाही. गोल थंड होऊन मामीच्या हाती गेला.

मामीने तो उजेडाला धरला, फिरवला आणि गुपचूप खोक्यात सगळ्यात खाली ठेवला. असे किती गोल तिने खाली ठेवले, कोण जाणे. ताकास तूर लागू दिली नाही. पण पुढे पुढे खालची रांग भरली आणि वळाचे गोल वर येऊ लागले. तेव्हा एकदा ती एक गोल घेऊन थेट भट्टीपाशी आली.

"अहो, हे बघा. इथे तुमचा श्वास तुटला."

"काच वाईट आली असेल," मामा म्हणाले.

"काच तीच आहे. बाकीच्यांचे गोल बघितले मी."

"मग साचा सुकला असेल."

"साचा सुकला, काच वाईट आली, भट्टी रुसली," मामी म्हणाली. "घरी जिना चढताना मधे उभं राहता तेव्हा काय सुकलेलं असतं?"

मामा मला फिरवत राहिले. पण मुकादमाने ते ऐकले होते. त्याने गोल हातात घेतला आणि बराच वेळ पाहिला. माणूस वाईट नव्हता, पण त्यालाही वर उत्तर द्यावे लागे.

"मामा, मोठ्या गोलांचं काम येतंय. चौकातल्या दिव्यांचे. असेच वळ येत राहिले तर मला नळी दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल. तुम्हाला घासकामाच्या खोलीत जागा देतो. बसून काम आहे."

बसून काम. ज्या माणसाच्या बोटांनी इतकी वर्षे क्षणभर थांबणे जाणले नाही, त्याला बसून काम. मामांनी त्याच दिवशी खिशातले सिगारेटचे पाकीट भट्टीत फेकले. भट्टीने ते ढेकरही न देता गिळले.

मित्रांनो, मला वाटले, झाले, संपले. मी पोलादाची, वाकले की वाकले, सरळ झाले की सरळ झाले. माणसाचे तसे नसते हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

पहिल्या दिवशी मामा खुशीत होते. दुसऱ्या दिवशी त्यांचे डोके जड झाले. त्यानंतर कुणी "जेवलात का मामा?" म्हटले तरी त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाई. बोटे कापू लागली. भूक अशी वाढली की डबा कामाला येतानाच वाटेत संपे. पोट साफ होईना. झोप लागेना, आणि लागली तर स्वप्नात सिगारेट ओढून दचकून जागे होत आणि खरेच ओढली की काय म्हणून हात हुंगून बघत. आणि सगळ्यांत नवल म्हणजे खोकला वाढला. त्यात भर म्हणून सुटीही गेली. "धूर घ्या रे!" झाले की बाकीचे निघत आणि मामा उठले तर मुकादम विचारी, "तुम्ही सोडलीत ना?" मग ते पुन्हा भट्टीपुढे. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत विसावा नाही. सोडल्याची शिक्षाच ती.

मामीचा धाकटा भाऊ याच सुमारास सारखा घरी येई. त्याने स्वतः सिगारेट सोडली होती, आणि तेव्हापासून तो जगाला सल्ले वाटत फिरे. लवंग तोंडात ठेवा, गाजर खा, दोरीला गाठी मारा, गार पाण्याने तोंड धुवा. निकोटीनचा च्युइंगम त्यानेच आणून दिला. तो सावकाश चावायचा आणि मग गालात दाबून ठेवायचा असतो. पण हे त्याला स्वतःलाच माहीत नव्हते. मामा शेळीसारखे भराभर चावत राहिले आणि दुपारभर त्यांना उचक्या लागल्या. उचकी लागलेल्या माणसाने काच कशी फुंकायची, हे तुम्हीच सांगा. त्या दिवशीचे गोल भोपळ्यासारखे झाले.

आणि मग ते घडले, जे फक्त आमच्या धंद्यात घडू शकते.

सकाळची वेळ होती. मोठा गोळा माझ्या टोकाला होता. मामांनी माझी तोंडी ओठांत धरली. त्यांचे डोके कुठेतरी भलतीकडेच होते. ओठांत काहीतरी गोल, बारीक आले, आणि इतक्या वर्षांची सवय जागी झाली. फुंकायच्या ऐवजी त्यांनी आत ओढले.

नवशिक्याला आमच्याकडे पहिला धडा हाच देतात: नळीतून श्वास कधीच आत घ्यायचा नाही. टोकाचा बुडबुडा पिचकून आत बसला आणि माझ्यातून एक तापलेला वाफारा उलटा धावला. तो मला आतून जाणवला. मी तो अडवू शकत नव्हते. मामांची जीभ आणि घसा पोळला. मी हातातून सुटले आणि फरशीवर आपटले. काच तडतडून फुटली.

सगळे धावत आले. भट्टीतून गोळे काढून देणारा उंच माणूस, ज्याला सगळे लंबू म्हणत, तो पाणी घेऊन आला. मुकादमाचा चेहरा पांढरा पडला होता.

"मामा, हा खेळ नाही," तो म्हणाला. "एक तर ओढा, नाहीतर नळी खाली ठेवा. अर्धवट नको. छातीत गेलं असतं तर?"

त्या दुपारी मामा मागच्या दाराशी उभे होते. लंबूने सिगारेट पुढे केली. मामांनी ती घेतली. पोळलेल्या जिभेला धूर झोंबला, डोळ्यांत पाणी आले, तरी त्यांनी ती शेवटपर्यंत ओढली.

मेहुण्याला कळले तेव्हा तो म्हणाला, "मी म्हणतच होतो ताई. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही."

"मग मरायची वाट बघू का?" मामी म्हणाली. त्यावर तो बराच वेळ गाजर खात बसला.

मामीच मामांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मीही बरोबर होते. त्याचे कारण असे, की मुकादमाने मामांना काही आठवडे तयार काच सावकाश थंड करायच्या खोलीत काम दिले होते. नळीला तिथे काम नाही. पण मामांची बोटे रिकामी राहीनात. तेव्हा मुकादम म्हणाला, "घेऊन जा ती घरी. जुनीच आहे. पण चौकाच्या दिव्यांचं काम सुरू होईल त्या दिवशी बघू. तेव्हा वळ आला, तर मग बोलायचं नाही." असे आम्ही तिघे दवाखान्यात जाऊन बसलो. लोक मला काठी समजले.

"सोडल्यावर खोकला वाढला, डॉक्टर," मामा म्हणाले. "ओढत होतो तेव्हा बरा होतो."

"घर झाडायला घेतलं की धूळ उडतेच, मामा. म्हणून कुणी झाडू फेकून देतं का? खोकला फार दिवस राहिला, रक्त दिसलं, तर मात्र लगेच या."

"आणि राग? झोप नाही, पोट नाही, डोकं ठिकाणावर नाही."

"अंगाला रोजचा खुराक मिळत नाही म्हणून ते ओरडतंय. पहिले काही दिवस फार ओरडतं, मग काही आठवड्यांत गप्प होतं."

"एवढं सोसायचं, तर ओढलेलं काय वाईट?"

"हे सगळं जातं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ओढून जे होतं, ते जात नाही."

त्यांनी दंडावर चिकटवायच्या निकोटीनच्या पट्ट्या दिल्या. रोज नवी, रोज जरा वेगळ्या जागी, म्हणजे कातडी खाजणार नाही. हळूहळू कमी ताकदीच्या लावायच्या. च्युइंगम कसा चावायचा तेही दाखवले. मामी खुदकन हसली. मग बाईंनी विचारले, "तल्लफ येते ती किती वेळ राहते?"

"दिवसभर."

"नीट बघा. लाटेसारखी येते आणि थोड्या मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ तोंडाला आणि हातांना काहीतरी काम द्या."

"माझ्या तोंडाला एकच काम येतं," मामा म्हणाले, "आणि तेच उलटं झालंय."

घरी मी फार दिवस राहिले. मित्रांनो, ते दिवस आठवले की अजून मला गरगरते. तल्लफ आली की मामा मला उचलत आणि बोटांत फिरवत घरभर येरझाऱ्या घालत. दारापासून खिडकी, खिडकीपासून दार. माझे टोक कधी कपाटाला लागे, कधी पडद्यात अडके. एकदा तर घरातला दिवाच मी फोडला, तोही मामांनी फुंकलेला. "आता हाही भट्टीत फेका," एवढेच बोलून मामीने काचा गोळा केल्या. मामा चिडत, मग चिडल्याबद्दल हळहळत, मग हळहळण्याची चीड येऊन पुन्हा चिडत. शेजारच्या मुलांनी आमच्या दाराशी खेळणे बंद केले.

एका सकाळी मामी फरशी पुसत होती. मधोमध साबणाच्या पाण्याची बादली. मामांची येरझार चालू होती. बादलीपाशी ते थांबले आणि काही न सुचून माझे टोक त्यांनी पाण्यात बुडवले आणि फुंकले. बुडबुड बुडबुड आवाज झाला. त्यांना बरे वाटले असावे. पुन्हा फुंकले. तिसऱ्यांदा त्यांचे लक्ष खिडकीबाहेर गेले. समोरच्या गच्चीवर कुणीतरी सिगारेट पेटवत होते. मामांनी नकळत आत ओढले.

तोंडभर साबणाचे पाणी. मामा थुंकत, शिंकत मोरीकडे धावले. मामी आधी घाबरली आणि मग फतकल मारून ओल्या फरशीवरच बसली आणि हसत सुटली. किती दिवसांनी ती हसत होती.

"चव कशी आहे?" तिने विचारले.

मामा तोंड पुसत आले. ते हसत नव्हते. बादलीकडे एकटक बघत होते.

"अगं," ते म्हणाले, "उद्यापासून स्वच्छ पाणी भरून ठेवशील?"

दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. मामांची जीभ तर तापल्या वाफाऱ्याने पोळली होती, तरी ते शिकले नव्हते. भीतीने सवय जात नाही, हे मी त्यांच्यापाशीच शिकले. पण बादलीत भीती नव्हती. श्वास बाहेर सोडला तर बुडबुडे, आत ओढला तर तोंडात पाणी. कुणी रागवत नाही, कुणाचे नुकसान नाही. चुकले की थुंकायचे आणि पुन्हा फुंकायचे. चहा झाल्यावर, जेवल्यावर, राग आल्यावर मामा बादलीपाशी स्टूल ओढून बसत. हळूहळू बुडबुड्यांची रांग लांबत गेली. मेहुणा बघून म्हणाला, "भावोजी, पुढच्या वेळी येताना बदकं आणू का?" मामांनी त्याच्या तोंडावर पाणी उडवले. मला वाटते, त्यांनी न रागावता केलेली ती बऱ्याच दिवसांतली पहिली गोष्ट होती.

सगळे सुरळीत झाले असे मात्र समजू नका. एके दिवशी मामा कामावरून उशिरा आले, चेहरा पिवळा, कपाळावर घाम. मागच्या दाराशी लंबूजवळ उभे राहिले होते. वास आला. "एकच झुरका" म्हणून घेतला. दंडाला पट्टी, वर तो झुरका. दोन्ही मिळून अंगाला फार झाले. ते येऊन नुसते बसले. मामीने कपड्यांच्या वासावरून ओळखले. मी भिंतीला टेकून वाट बघत होते, की आता भांडण होईल.

"सगळं पाण्यात गेलं," मामा म्हणाले.

"पाण्यात गेलं तर बरंच आहे," मामी म्हणाली. "बादली भरून ठेवलीय."

ते उठले आणि स्टुलावर बसले.

चौकाच्या दिव्यांचे काम सुरू झाले त्या सकाळी आम्ही कारखान्यात परतलो. मला भट्टीत घातले तेव्हा तो जुना दाह इतक्या दिवसांनी अंगात शिरला. मामांनी पट्टीवर हात फिरवला, बाहीचे बटण लावले. खोकला कमी झाला होता, पण बोटांत अजून कंप होता. मला तो कळत होता. मामा मला फिरवत होते म्हणून बाकी कुणाला दिसत नव्हता. मुकादम जरा लांब उभा होता. मामी दारात आली होती. खोकी भरायचे सोडून ती कधी येत नसे.

लंबूने एवढा मोठा गोळा दिला की माझी कंबर वाकते की काय असे वाटले. पाटावर लोळवला. साच्यात उतरवला. वाफ उठली. मामांनी नाकाने छाती भरून घेतली आणि माझी तोंडी ओठांत धरली.

श्वास आला. तो पूर्वीची नदी नव्हता, पण खरखरही नव्हती. काच फुगू लागली. पाव, अर्धी, त्याहून जास्त. आणि तेवढ्यात मागच्या दारातून धुराचा वास आला. कुणीतरी टाळीच्या आधीच पेटवली होती.

मामांचे ओठ थबकले. माझ्या आतली हवा उभी राहिली, आतही नाही आणि बाहेरही नाही. त्या क्षणी मी फक्त एक पोकळ नळी होते. मला काही करता येत नव्हते, आणि ते असह्य होते. बोटे मात्र मला फिरवत होती. मला जाणवले, त्यांची जीभ पाणी शोधते आहे. बादलीतले पाणी. मग श्वास पुढे सरकला. बाहेरच्या बाजूला. सावकाश, शेवटपर्यंत.

साचा उघडला. गोल झाला होता.

इतक्यात मुकादमाने टाळी वाजवली. "धूर घ्या रे!" सगळे निघाले. मामांनी मला नळ्या टेकवायच्या घोडीवर ठेवले आणि तेही खिडकीजवळच्या बाकाकडे निघाले.

"मामा," मुकादम म्हणाला, "तुम्ही आता ओढत नाही ना? मग सुटी कसली?"

"श्वास घ्यायला," मामा म्हणाले आणि बसले.

 लंबूच्या हातात न पेटवलेली सिगारेट तशीच राहिली. मुकादमाने मान खाजवली, भट्टीकडे बघितले, पुन्हा मामांकडे बघितले.

"बसा," तो म्हणाला.

गोल थंड होऊन दुसऱ्या दिवशी मामीच्या हाती आला. मामांनी मला दाराशी टेकवले होते, तिथून मी पुढचे पाहिले. तिने तो खिडकीच्या उजेडाला धरला आणि अगदी हळू फिरवला. मामा आणि मुकादम शेजारी उभे होते.

"वळ आहे," ती म्हणाली.

"कुठे?" मुकादमाने डोळे बारीक केले. "मला नाही दिसत."

"हा. केसाएवढा." मग ती मामांकडे वळली. "इथे थांबलात."

"थांबलो," मामा म्हणाले.

"पण आत नाही ओढलं."

"नाही."

मुकादमाने अजून एकदा बघितले. "हा चालेल," तो म्हणाला. "असाच चालेल. नळी तुमच्याकडेच राहू द्या, मामा."

"चालेल, पण हा चौकात जाणार नाही," मामी म्हणाली. "हा मी ठेवणार." आणि तिने तो खालच्या रांगेत नाही, तर सगळ्यांना दिसेल असा माल बांधायच्या खोलीच्या खिडकीत ठेवला. तो अजून तिथे आहे. पुढच्या काही महिन्यांत वळ पुसट होत गेला आणि मग मामीलाही सापडेनासा झाला. पट्ट्या संपल्या. पोट सुधारले, झोप आली. अंगावर थोडे मांस चढले, ते मात्र राहिले. मामी म्हणते, ते काचेत दिसत नाही. तल्लफ अजूनही कधीतरी येते म्हणतात, ओळखीच्या माणसासारखी. दारावरून हाक मारते आणि जाते.

आता मी म्हातारी झाले आहे. भट्टीत जाऊन जाऊन माझे टोक झिजले, पाठीला बाक आला. मामांना नवी नळी मिळाली. मला भंगारात जावे लागेल असे वाटले होते. पण मामांनी मला खिडकीजवळच्या त्या बाकापाशी खुंटीवर टांगले आणि खाली पाण्याची बादली ठेवली. सुटी आता सगळ्यांची आहे, आणि मुकादम टाळी वाजवून "दम खा रे!" म्हणतो. ज्याला सोडायची आहे तो माझ्यापाशी येतो. माझी जुनी तोंडी काढली, आता प्रत्येकाची तोंडी वेगळी आहे, खिळ्यावर अडकवलेली. सगळ्यांत आधी आला तो लंबू. पहिल्याच दिवशी चार वेळा तोंडात पाणी गेले, आणि त्याने बादलीला अशा शिव्या घातल्या की मी त्या इथे सांगत नाही. तरी तो दुसऱ्या दिवशी आला.

मित्रांनो, उपदेश करायची माझी योग्यता नाही. एकच विनंती करते. तुमच्या घरात कुणी सिगारेट सोडायला निघाले, तर ते चिडेल, येरझाऱ्या घालील, तुमच्यावर उगाच ओरडेल. तेव्हा समजा, की आत काहीतरी तापलेले आहे आणि त्याला ओघळू न देता तो माणूस ते फिरवत राहिला आहे. त्याला टोचून बोलू नका. एकदा चुकले म्हणून सगळे पाण्यात गेले असे म्हणू नका. ज्याला जे औषध हवे त्यासाठी डॉक्टर आहेत. तुम्ही फक्त बादली भरून ठेवा, आणि पाणी रोज बदला.

थांबते आता. कुणीतरी बाकाकडे येते आहे. पावले भराभर पडत आहेत, म्हणजे लाट आली आहे. खिळ्यावरची तोंडी निघाली. मला खुंटीवरून उतरवले. बोटे कापत आहेत, पण फिरवत आहेत.

बादलीत पाणी आहे.